मधली पायरी

आपल्या घरांच्या दिवाणखान्यात भिंतीवर काय काय टांगलेले असते, याची कोणीतरी एकदा हौसेने नोंद करायला हवी. कुलदैवताची तसबीर असते, फेटा बांधलेले आजोबा असतात, लग्नात आहेर म्हणून आलेले घड्याळ असते. आणि घरात शाळेत जाणारे मूल असेल तर पुष्कळदा एक प्रमाणपत्रही चौकटीत बसून आपल्याकडे पाहत असते. शासकीय रेखाकला परीक्षा, इंटरमीजिएट, श्रेणी 'ए'. पाहुण्याची नजर आपण होऊन तिकडे गेली नाही, तर ती तिकडे वळवण्याचे काम घरातील वडीलधारी मंडळी मोठ्या आनंदाने अंगावर घेतात.

एलिमेंटरी आणि इंटरमीजिएट या दोन परीक्षा ठाऊक नाहीत असे मराठी घर विरळा. कला संचालनालय त्या घेते, आणि चाळिशी ओलांडलेल्या कितीतरी वाचकांनी त्यांच्यापायी शर्टाच्या बाह्यांना रंग फासून घेतलेला आहे. इंटरमीजिएटला स्थिरचित्र असते, स्मरणचित्र असते, संकल्पचित्र असते आणि शेवटी भूमिती व अक्षरलेखन. स्थिरचित्रात एक कळशी, दोन वांगी आणि मागे चुण्या पडलेले फडके मांडलेले असते. स्मरणचित्रात फुगेवाला तरी येतो किंवा पावसातला बसथांबा तरी. श्रेणी लागते, पेढे वाटले जातात, दहावीच्या गुणांत थोडी भर पडते, आणि रंगांची पेटी माळ्यावर जाते.

मी पडलो मराठीचा मास्तर. शब्दाची फोड केल्यावाचून मला अन्न पचत नाही. इंटरमीजिएट म्हणजे मधली. मधली म्हटली की अलीकडे काही असावे आणि पलीकडेही काही असावे. अलीकडे एलिमेंटरी आहे. पलीकडे काय आहे, ते मात्र प्रमाणपत्रावर छापलेले नसते. ते पलीकडचे काय, हे पाहण्याचा योग मला गेल्या वर्षी आला, तो माझ्या पुतणीमुळे.

माझा धाकटा भाऊ साताऱ्याला बँकेत असतो. त्याच्या मुलीला शाळेत असताना दोन्ही परीक्षांत 'ए' श्रेणी होती. साहजिकच बारावीनंतर तिने चित्रकलेच्या महाविद्यालयात नाव घातले आणि ती पुण्याला आमच्याकडे राहायला आली. पहिले वर्ष आनंदात गेले. दुसऱ्या वर्षी दिवाळीच्या आधीच घरात काहीतरी बिनसल्याची चाहूल लागली. चित्रांची मोठी फळी दाराआड उभी राहू लागली. जेवताना बोलणे कमी झाले. एका रात्री ती आमच्या सौभाग्यवतींजवळ मोकळी झाली. "काकू, मला चित्र येतच नाही. शाळेत येत होतं, ते पण गेलं."

ही बातमी साताऱ्याला पोचायला वेळ लागला नाही. भावाचा फोन आला. "दादा, तिला अजून बी.कॉम.ला टाकता येईल. वर्ष फुकट गेलं तर गेलं. तू एकदा त्यांच्या सरांना भेटून ये, आणि काय ते स्पष्ट कळव."

सरांना मी भेटलो. साठीकडे झुकलेले, खिशाला दोन पेन्सिली, बोटांवर कोळशाची काजळी. मी मराठी शिकवतो असे कळल्यावर ते हसून म्हणाले, "मग असं करा प्राध्यापकसाहेब, माझ्याकडून ऐकू नका. गुरुवारी सकाळी मोकळे असता ना? मागच्या बाकावर येऊन बसा." अशा तऱ्हेने पुढचे जवळजवळ एक सत्र मी दर गुरुवारी दुसऱ्या वर्षाच्या वर्गात बसलो. हातात पेन्सिल घेतली नाही, नुसते पाहिले.

पहिल्या दिवशी टेबलावर एक पितळेचा तांब्या, एक किटली आणि एक पाट एवढेच होते. तिसरीतल्या पोरानेही काढावे असे. पंचवीस मुले गोलाकार बसली आणि त्यांनी एक हात ताठ करून, एक डोळा मिटून पेन्सिली अशा धरल्या, की जणू नेमबाजीचाच वर्ग भरला आहे. पेन्सिलीच्या टोकाने तांब्याचे वरचे टोक गाठायचे, अंगठा खाली सरकवत बुडापाशी आणायचा, आणि तेच माप आडवे धरून रुंदी किती वेळा बसते ते पाहायचे. सर वर्गातून फिरत होते आणि कोपर वाकलेले दिसले की हलकेच टिचकी मारीत होते. कारण साधे आहे. कोपर वाकले की पेन्सिल डोळ्याजवळ येते आणि माप बदलते. उंची एका गजाने आणि रुंदी दुसऱ्या गजाने मोजली, तर कापड कमीजास्त भरणारच.

मग तांब्याचे तोंड. वाचकहो, आपण सर्वांनी लहानपणी तांब्या काढलेला आहे. तोंडाच्या जागी एक लांबट, दोन्ही टोकांना टोकदार लिंबू काढायचे, आणि बूड मात्र सरळ रेघेने संपवायचे. कारण तांब्या टेबलावर सपाट बसतो, हे आपल्याला पक्के ठाऊक असते. सरांनी तो तांब्या हातात घेऊन डोळ्यांच्या पातळीला धरला. तोंडाची नुसती आडवी रेघ झाली. मग तो हळूहळू खाली नेऊ लागले. रेघेचा लंबगोल झाला, लंबगोल फुगत गेला, आणि तांब्या पायापाशी पोचला तेव्हा जवळजवळ पूर्ण वर्तुळ दिसू लागले. म्हणजे वस्तू डोळ्याच्या जितकी खाली, तितका तिचा गोल अधिक भरलेला. मग टेबलावरच्या तांब्याचे बूड हे तोंडापेक्षाही अधिक गोलाईने वळायला हवे की नको? "हवे," वर्ग म्हणाला. "मग सरळ रेघ कोणी काढली?" पंचवीसपैकी निम्म्या मुलांनी काढली होती.

"डोळ्यांना गोलाई दिसत होती," सर म्हणाले, "पण डोक्याने सांगितलं, बूड सपाट आहे. तुम्ही डोक्याचं ऐकलंत. हे दुसरं वर्ष डोक्याला गप्प बसवायचं वर्ष आहे."

मला माझा वर्ग आठवला. माझी दुसऱ्या वर्षाची मुले सकाळचे वर्णन करायला बसली, की सोनेरी किरणांची उधळण होतेच, पक्षी किलबिलाट करतातच, आणि दवबिंदू मोत्यांसारखे चमकतातच. खिडकीबाहेर खरी सकाळ असते. तिच्यात पाण्याचा टँकर उलटा येत असतो आणि दूधवाला पिशव्या मोजत असतो. पण ते कोणी लिहीत नाही, कारण सकाळ कशी असते हे सगळ्यांना आधीच ठाऊक आहे. टोकदार लिंबू आणि सोनेरी किरणे ही एकाच आईची लेकरे. आमच्या संस्कृत कोशात चित्राला 'आलेख्य' म्हणतात. 'रेखा' आणि 'लेखा' हे शब्दही सख्खे भाऊ. लिहिणे आणि रेखाटणे यांचे मूळ एकच, ओरखडा काढणे. तेव्हा दोघांचे रोगही एकच असल्यास नवल नाही.

पुढच्या गुरुवारी किटली. तिची मूठ काढायची नाही, असा हुकूम झाला. मूठ आणि किटलीचे पोट यांच्यामध्ये जी मोकळी जागा आहे, तेवढीच काढायची. मुले बुचकळ्यात पडली. पण मोकळ्या जागेला नाव नसते, आणि नाव नसल्यामुळे तिच्याविषयी डोक्याला आधीपासून काहीच ठाऊक नसते. डोळा निमूटपणे पाहतो, हात निमूटपणे काढतो, आणि जागा बरोबर आली की मूठ आपोआप बरोबर येते. खुर्चीचे पाय काढण्यापेक्षा पायांमधली हवा काढणे सोपे असते, हे ज्ञान मला पन्नाशीच्या उंबरठ्यावर झाले.

तिसरी गोष्ट उजेडाची. पाटावर एक मोसंबे ठेवले आणि एका बाजूने दिवा लावला. उजेडाची बाजू, तिच्या शेजारची मधली छटा, मग सर्वांत गडद पट्टा, आणि त्याच्याही पलीकडे, कडेपाशी, पाटावरून परतून आलेला थोडासा उजेड. शिवाय पाटावर पडलेली सावली. एवढी बिऱ्हाडे एका मोसंब्यावर नांदतात. मधल्या पायरीवरच्या मुलांना हा परतून आलेला उजेड नवीनच सापडलेला असतो, म्हणून ती तो इतक्या हौसेने रंगवतात की मोसंबे कथिलाचे दिसू लागते. सर म्हणत, "उसना उजेड मालकापेक्षा मोठा होऊ देऊ नका. डोळे किलकिले करून पाहा." डोळे किलकिले केले की बारीकसारीक तपशील विरघळतात आणि काळे-पांढरे यांचे मोठे हिशेब तेवढे उरतात.

अशाच रीतीने फडक्याच्या चुण्या झाल्या. चुणी काढण्याआधी फडके कोठे टांगले आहे तो खिळा शोधायचा, कारण सगळ्या चुण्या तेथूनच फाकतात. मंडईत जाऊन दोन-दोन मिनिटांची रेखाटने झाली. भाजीवाली काही तुमच्यासाठी तास न् तास जुडी हातात धरून बसत नाही. तिचा बाक, खांद्याचा उतार आणि हाताची दिशा तेवढी टिपायची, नाक-डोळ्यांना सुट्टी. आणि एक महिना खोडरबर बंद. चुकलेली रेघ तशीच ठेवायची आणि शेजारी बरोबर रेघ काढायची. "खोडलं की चूक विसरता. राहू द्या तिला समोर."

या शिक्षणाला आपल्याकडे चांगला इतिहास आहे. सर जमशेटजी जीजीभाई यांनी दिलेल्या एक लाख रुपयांच्या देणगीतून १८५७ साली मुंबईत कलाशाळा सुरू झाली. तिची घडी विलायती होती. आधी सपाट नमुन्यांची नक्कल, मग ग्रीक पुतळ्यांच्या प्लॅस्टरच्या प्रतिकृतींवरून अभ्यास, अशा पायऱ्या. पुढे जॉन ग्रिफिथ्स यांनी १८७२ पासून आपल्या विद्यार्थ्यांना अजिंठ्याला नेले आणि भित्तिचित्रांच्या प्रती करवून घेतल्या. वर्षानुवर्षे हे काम चालले. त्या प्रतींपैकी पुष्कळशा लंडनमध्ये १८८५ च्या आगीत जळाल्या. हे वाचून हळहळ वाटते. पण गुहांच्या अंधारात बसून ज्यांनी ती वळणे गिरवली, त्यांच्या हातांना ते वळण लागले, ते काही त्या आगीत गेले नाही. रावबहादूर धुरंधरांचे 'कलामंदिरातील एकेचाळीस वर्षे' हे पुस्तक याच शाळेतील १८९० पासूनच्या आयुष्याचे. पुढे ज्यांची चित्रे घरोघरी पोचली, त्या धुरंधरांनीही आरंभ विद्यार्थ्याच्या बाकावरूनच केला.

हे सगळे खरे. पण माझ्या पुतणीचे काय? तिची चित्रे मी पाहत होतो, आणि मला तरी ती शाळेतल्यापेक्षा वाईट झालेली दिसत नव्हती. तिला मात्र दिसत होती. दर गुरुवारी ती अर्धे चित्र टाकून उठे. साताऱ्याचे फोन आता एक दिवसाआड येऊ लागले होते आणि बी.कॉम.च्या प्रवेशाची चौकशीही होऊन गेली होती. अखेर एका शनिवारी भाऊ स्वतःच आला. मी त्याला सरांकडे घेऊन गेलो.

सरांनी वाद घातला नाही. त्यांनी पुतणीला आधीच सांगून ठेवले होते, त्याप्रमाणे तिने शाळेतल्या दिवसांतले, इंटरमीजिएटच्या तयारीचे एक स्थिरचित्र बरोबर आणले होते. कळशी, वांगी, फडके. खाली शाळेतल्या बाईंचा 'उत्कृष्ट' असा शेरा. सरांनी तिच्या हातात लाल पेन्सिल दिली. "तपास."

ती चित्राकडे बराच वेळ पाहत राहिली. मग एक खूण केली. कळशीचे बूड सरळ. दुसरी खूण. तोंडाचा लंबगोल एका बाजूला कललेला. वांग्याची सावली दिव्याच्याच बाजूला पडलेली. फडक्याच्या चुण्या कोठूनच निघत नव्हत्या, नुसत्या नागमोडी रेघा. पाटाच्या दोन कडा पलीकडे जाता जाता एकमेकींपासून लांब पळत होत्या. ती थांबली तेव्हा कागदावर चौदा लाल खुणा होत्या. भाऊ आणि मी चित्राकडे पाहत राहिलो. एरवी त्या चित्रात आम्हा दोघांना काहीही चुकीचे दिसले नसते.

"हे चित्र काढलंस तेव्हा यातल्या किती दिसल्या होत्या?" सरांनी विचारले.

"एकही नाही."

सर माझ्या भावाकडे वळले. "तुम्ही बँकेत आहात. खतावणीत चूक शोधून काढणारा माणूस कच्चा की पक्का?"

भाऊ काही बोलला नाही. त्याने खिशातून चष्मा काढला आणि चौदाही खुणा एकेक करून पाहिल्या.

सर सांगत होते ते थोडक्यात असे. शिकणाऱ्याचा डोळा आणि हात एका वेगाने चालत नाहीत. पहिल्या पायरीवर दोघेही सारखेच अडाणी असतात, म्हणून मूल सुखी असते. मधल्या पायरीवर डोळा पुढे निघून जातो आणि हात मागे राहतो. आपण काय काढायला हवे होते ते दिसते, आणि आपण काय काढले तेही दिसते. म्हणून चित्र सुधारत असतानाच ते बिघडल्याचा भास होतो. याच पायरीवर पुष्कळ मुले शाळा सोडतात. हात डोळ्याला गाठेपर्यंत थांबायचे असते, आणि ते थांबणे म्हणजे रोज काढणे. "हे किती दिवस चालेल ते मी सांगू शकत नाही," सर म्हणाले. "कुणाला सहा महिने लागतात, कुणाला दोन वर्षं. आणि सगळीच चित्रकार होतील असंही मी म्हणत नाही. पण ती आता जे रडते आहे, ते न येण्याचं रडणं नाही."

भावाने परतीच्या वाटेवर एकच व्यावहारिक प्रश्न विचारला, आणि तो रास्त होता. "दादा, पोटाचं काय?" कला शिकून सगळ्यांचे कोटकल्याण होते असे मी त्याला सांगितले नाही. छापखाने आणि दिवाळी अंक यांनी एके काळी चित्रकारांना हात दिला. दलाल आणि मुळगावकर यांची मुखपृष्ठे पाहण्यासाठी माणसे अंक हातात घेत. आज कापडाचे नमुने आहेत, जाहिराती आहेत, हलती चित्रे आहेत, शाळांतले शिक्षकाचे काम आहे. आणि यातले प्रत्येक दार थोडे अरुंदच आहे. शिवाय आता वाक्य सांगितले की क्षणात चित्र करून देणारी यंत्रेही आली. मी हेच सरांना वर्गात विचारले होते. ते म्हणाले, "चित्र मिळेल हो. बघणं कुठून मिळेल? यंत्राने दिलेलं चित्र बरं की वाईट, हे ठरवायलाही बघणारा डोळा लागेलच ना?" हे उत्तर बँकेत वटेल की नाही, मला सांगता येत नाही. पण भावाने बी.कॉम.चा अर्ज भरला नाही. "वर्षभर बघू," एवढे म्हणून तो साताऱ्याच्या गाडीत बसला.

वर्ष संपले. पुतणीला रेखांकनात मध्यम गुण मिळाले; पहिला क्रमांक वगैरे काही आला नाही. मात्र चित्रांची फळी दाराआडून बाहेर आली. जेवताना ती आता ताटातल्या वाटीकडे डोळे किलकिले करून पाहत बसते आणि काकूंकडून बोलणी खाते. सातारच्या दिवाणखान्यातले प्रमाणपत्र जागच्या जागी आहे. त्याच्या शेजारी भावाने ते चौदा लाल खुणांचे चित्र चौकट करून लावले आहे. पाहुण्यांना ते समजावून सांगताना त्याला फार वेळ लागतो, असे वहिनींचे म्हणणे.

दिवाळीचा अंक आहे, तेव्हा दिव्याचे बोलून संपवतो. सावळाराम हळदणकरांचे हातात दिवा घेतलेल्या स्त्रीचे चित्र, 'ग्लो ऑफ होप', आपल्यापैकी अनेकांनी छापील स्वरूपात पाहिलेले असेल. पुष्कळ जण ते रविवर्म्याचे समजतात. मूळ चित्र म्हैसूरच्या जगन्मोहन राजवाड्यात आहे. हळदणकरांची कन्या त्यासाठी दिवा धरून उभी राहिली होती. ज्योतीआड धरलेल्या तिच्या बोटांतून उजेड आरपार येतो, आणि हे सारे जलरंगात. जलरंगात चूक झाकायला फारशी सवड नसते. पारदर्शक जलरंगात उजेड हा रंगवायचा नसतो. कोरा कागद राखून, भोवतीचा अंधार तेवढा नेमका रंगवायचा असतो. ही नेमकी जागा ओळखणारा डोळा काही एका दिवसात तयार होत नाही. त्याच्याही मागे कितीतरी तांबे आणि कितीतरी किटल्या असणार.

तेव्हा वाचकहो, यंदा फराळ झाल्यावर घरातल्या मुलांना आणि स्वतःलाही एकेक कागद द्या. समोर एक पणती ठेवा. तोंडाची कड नीट पाहा, बूड नीट पाहा, आणि बूड सरळ रेघेने संपवू नका. चित्र साधणार नाही कदाचित. पण रात्री उंबरठ्यावर ती पणती ठेवताना, तिची गोलाई आजवर आपल्याला किती कमी दिसली होती, ते मात्र खास दिसेल.